बत्तीस पायऱ्या, एक जीभ

सोमवार, ३ मार्च

ही वही नणंदेनं दिली. पहिल्या पानावर तिनं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय, "वहिनी, काय खाल्लं ते लिही. खोटं लिहू नकोस." दुसरं वाक्य मला लागलं. बावीस वर्षं मी बिस्किटांच्या कारखान्यात चव बघायचं काम करते. खरं बोलायचाच मला पगार मिळतो. तेव्हा खाल्लं ते लिहीनच, पण जे खायचं राहिलं तेही लिहिणार, कारण दुःख त्याचं जास्त आहे.

उंची चार फूट दहा इंच. वजन एकाहत्तर किलो दोनशे ग्रॅम, केसांतला चिमटा काढून.

हा सगळा खटाटोप बत्तीस पायऱ्यांसाठी. चव बघायची खोली कारखान्याच्या माळ्यावर आहे, कारण खाली भट्टीचा वास दरवळत असतो आणि त्या वासात जीभ फसते. वर जायला लोखंडी जिना. दोन वर्षांपूर्वी मी तो एका दमात चढायचे. आता चार थांबे लागतात आणि गुडघे कुरकुरून माझ्या आधी वर वर्दी देतात. शनिवारी मालकीणबाई माझ्या मागून चढत होत्या. जिना अरुंद, त्यामुळे माझ्याबरोबर त्याही चारदा थांबल्या. वर आल्यावर अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "झेपत नसेल तर खाली पॅकिंगला या. महिनाभर बघू, मग ठरवू."

पॅकिंगमध्ये वाईट काही नाही. पण तिथं बिस्किटं मोजतात, चाखत नाहीत. कारखान्यात मला सगळे जीभबाई म्हणतात. पॅकिंगला गेले तर मला काय म्हणून हाक मारतील, या विचारानं काल मला जेवण गेलं नाही. (गेलं, पण कमी गेलं.)

मंगळवार, ४ मार्च

नणंद व्यायाम शिकवते. उंची पाच फूट आठ. तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, सहा फूट. या घरात मी लग्न करून आले तेव्हापासून माझ्या डोक्यावरची धूळ सोडून कुणाला माझं काही दिसलेलं नाही.

तिनं कागदावर हिशेब मांडला. नवऱ्यानं रोज तेवीसशे कॅलरी खाल्ल्या तरी तो आहे तसाच राहतो. मला वजन उतरवायचं तर तेराशे.

"हा कुठला न्याय?" मी म्हणाले. "भूक काय उंची बघून लागते?"

"वहिनी, लहान गाडीची टाकी लहानच असणार. पण एक लक्षात ठेव, तेराशेच्या खाली जायचं नाही. उंच बाईनं दोन-तीनशे कमी खाल्लं तर तिचं भागतं. तुझ्याकडे मुळात कापायला जागाच नाही."

मग बिस्किटांवरून वाजलं. माझ्याकडे रोज बारा घाणे येतात. प्रत्येक घाण्यातून दोन बिस्किटं, प्रत्येकाचा निम्मा तुकडा. ती म्हणाली, ही झाली बारा बिस्किटं, मांड हिशेबात. मी म्हणाले, ते खाणं नाही, ती चव घेणं आहे. ती म्हणाली, पोटाला काय कळतंय. मी म्हणाले, "खाताना मी भुकेली असते, चव घेताना मी कामावर असते. हा फरक आहे." तिनं हात टेकले आणि बाराचे सहा धरले.

व्यायामात खुर्चीवर बसल्यासारखं करायचं, पण बसायचं नाही. दहा वेळा. सातव्या वेळी मी बसले. नणंद म्हणाली, "वहिनी, तुला तर फार खालीसुद्धा जायचं नाहीये, जमीन जवळच आहे." घरातलीच माणसं टोचून बोलतात.

गुरुवार, ६ मार्च

मी स्वयंपाकघरात गेले की चव बघते, म्हणून नवऱ्यानं स्वयंपाक हाती घेतलाय. चष्म्याच्या दुकानातून सहाला येतो आणि काचा पुसाव्यात तशा भाज्या पुसतो. आज कोबीचं सूप केलं होतं. पातेलं विसळल्यावर जे पाणी निघतं ते थोडं गरम केलं तर असंच लागेल. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या जिभेला हाड नाही."

"हाड नाही म्हणूनच पगार आहे," मी म्हणाले.

आज नऊ घाणे पास, तीन नापास. एकात सोडा उतू जात होता, दोन करपलेले. भट्टीकाकांनी कपाळाला हात लावला, पण वाद घातला नाही. पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं ते बघतात आणि माझ्या 'नापास'वर गेल्या अठरा वर्षांत त्यांनी एकदाही वाद घातलेला नाही.

सोमवार, १० मार्च

वजन एकाहत्तर किलो शंभर ग्रॅम.

आठवडाभर बायकोसारखी नाही, सासुरवाशिणीसारखी वागले आणि उतरले किती, तर शंभर ग्रॅम. आमच्याकडे बिस्किटाचा सगळ्यात लहान पुडा शंभर ग्रॅमचा असतो. जिन्यात थांबे अजून चारच. मालकीणबाईंनी पॅकिंगच्या टेबलापाशी एक नवी खुर्ची आणून ठेवली आहे, बुटकी. कुणासाठी ते कुणी बोललं नाही.

या चालीनं महिनाभरात माझी अर्धा किलोही प्रगती होणार नाही. म्हणून मी थोडा माझ्या डोक्यानं विचार केला आहे. तेराशेनं होणार असेल, तर नऊशेनं लवकर होईल. आणि चव घेऊन झाली की तुकडा थुंकायचा. चहाचे चाखणारे थुंकतातच की. नणंदेला सांगणार नाही. ती म्हणाली होती खोटं लिहू नकोस, आणि मी लिहीत नाहीये. फक्त ही पानं तिला दाखवणार नाही.

शुक्रवार, १४ मार्च

सत्तर किलो. जिन्यात थांबे तीन.

माझंच डोकं बरोबर होतं. पोटात कावळे ओरडतात खरे, पण सुरुवातीला ओरडतात, मग त्यांनाही सवय होते.

आज बाराच्या बारा घाणे पास. भट्टीकाकांचा हात बसलाय म्हणायचा. सातव्या घाण्याचा तुकडा थुंकताना जिवावर आलं, इतका खुसखुशीत होता. नवऱ्याच्या सुपातही काहीतरी सुधारलंय. कोबीचा गोडवा उतरलाय. मी दोनदा मागून घेतलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

सोमवार, १७ मार्च

एकोणसत्तर किलो सहाशे. बाराच्या बारा पास.

आज नवऱ्यानं गाजराचं सूप केलं होतं. मी लग्नाला पंचवीस वर्षं होऊनही या माणसाला ओळखलंच नव्हतं. असा हात लाभलेला माणूस आयुष्यभर चष्मे विकत बसला. मी त्याला तसं म्हणालेही. तो लाजला आणि म्हणाला, "मी काहीच वेगळं केलं नाही गं."

त्याला हल्ली झाडांचंही वेड लागलंय. जेवण झालं की स्वतःचा वाडगा घेऊन गॅलरीत जातो आणि रिकामा वाडगा घेऊन परत येतो. कुंडीतलं झाड मात्र का कोण जाणे, पिवळं पडत चाललंय.

मंगळवार, १८ मार्च

अकरा वाजता फळा पुसायच्या डस्टरकडे बघून तोंडाला पाणी सुटलं. बारा पास.

शुक्रवार, २१ मार्च

एकोणसत्तर किलो. जिन्यात एकच थांबा. मालकीणबाई खालून बघत होत्या. मी वरून हात हलवला आणि मग भिंत धरली, कारण जिना जरा फिरल्यासारखा वाटला.

आज सगळेच घाणे छान होते, पण चौथ्याची गोष्टच वेगळी. एरवी आमच्या बिस्किटात गोडावर गोड असतं, याच्यात मिठाला असा काही उठाव आला होता की जीभ खडबडून जागी झाली. थुंकायचं विसरले. वहीत 'पास'च्या पुढे 'उत्तम' लिहिलं. मी बावीस वर्षांत तीनदाच 'उत्तम' लिहिलंय.

थोड्या वेळानं भट्टीकाका स्वतः वर आले. ते कधी वर येत नाहीत.

"जीभबाई, चौथा कसा वाटला?"

"उत्तम. लिहिलंय बघा."

"मिठाचं काय वाटतं?"

"अगदी हवं तसं आहे."

"बरं," म्हणाले आणि दारात उभेच राहिले. मग टोपी सारखी करून खाली गेले. माणसाला कौतुकाची सवय नसली की असं होतं.

सोमवार, २४ मार्च

नणंद तपासायला आली. खुर्चीचा व्यायाम सुरू केला आणि तिसऱ्या वेळी डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिनं धरलं म्हणून बरं. "काय खाल्लंस सकाळपासून?" मी म्हणाले, सूप. "आणि?" मी म्हणाले, आणि उत्साह. ती हसली नाही. वही मागत होती. मी म्हणाले, वही कारखान्यात राहिली. मग जीभ चावली, कारण वही तिच्या समोर टेबलावर होती.

आजही बारा पास. सलग किती दिवस झाले, मोजायला हवं.

शनिवार, २९ मार्च

कारखान्यात पाऊल टाकलं तर दाराशी खोक्यांची रास. चार दुकानांतून माल परत आला होता. एकवीस तारखेचा, चौथा घाणा. खाऱ्या बिस्किटांची तक्रार. एका दुकानदारानं चिठ्ठीत लिहिलं होतं, लहान मुलंसुद्धा थुंकली.

मालकीणबाई खाली उभ्या होत्या आणि त्यांचा आवाज आज गोड नव्हता. "मीठ दोनदा पडलंय. कुणी टाकलं?" भट्टीकाका म्हणाले, "माझ्याकडूनच पडलं असणार." मालकीणबाई म्हणाल्या, सोमवारपर्यंत सांगते तुमचं काय करायचं ते. माझ्याकडे कुणी बघितलंच नाही. त्यांना वाटलं असणार, जीभबाईकडे हा घाणा आलाच नसावा. बावीस वर्षांच्या नावाचा हा फायदा.

मी वर गेले आणि कामाची वही काढली. चौथा घाणा, पास, उत्तम, खाली माझी सही.

रविवार, ३० मार्च

सकाळी ही दैनंदिनी पहिल्यापासून वाचली. तीन वेळा वाचली.

दहा तारखेनंतर मी एकदाही 'नापास' लिहिलेलं नाही. सतरा तारखेला मी गाजराच्या सुपावर जीव ओवाळून टाकलाय. अठरा तारखेला डस्टरवर. उपाशी माणसाला सगळंच गोड लागतं, हे कळायला मला स्वतःचंच अक्षर तीनदा वाचावं लागलं. खाताना मी भुकेली असते, चव घेताना मी कामावर असते, असं मीच वर लिहिलंय. वीस दिवस मी कामावरही भुकेलीच होते.

नणंदेला फोन करून बोलावलं आणि वही तिच्या हातात दिली. वाचताना तिच्या भुवया वर वर जात होत्या. मग तिनं वही मिटली.

"टाकी आधीच लहान, त्यात तू ती निम्मी रिकामी ठेवलीस. वजन उतरलं ते निम्मं चरबीचं नाहीच, अंगातल्या ताकदीचं आहे. म्हणून जिना फिरतो."

"मग आता?"

"आता खा. पंधराशे. डाळ, अंडी, दही. व्यायाम कर, चाल. महिन्याला एक किलो उतरलं तरी पुष्कळ झालं. आणि कारखान्यात थुंकणं बंद."

मी दोन अंडी खाल्ली आणि डोळ्यांत पाणी आलं. दुपारी सूप समोर आलं. एक घोट घेतला. सहा तारखेला होतं तसंच सूप होतं, थेंबाचाही फरक नव्हता.

"अहो, हे भयंकर आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे. मी रोज कुंडीत ओततोय."

"मग बोलला का नाहीत?"

तो वाडग्यात बघत म्हणाला, "पंचवीस वर्षांत तू माझं पहिल्यांदा कौतुक करत होतीस. थांबवावंसं वाटलं नाही."

मी त्याचा हात धरून बसले. झाड मेलं आहे.

सोमवार, ३१ मार्च

नाश्ता करून निघाले आणि थेट मालकीणबाईंच्या खोलीत गेले. भट्टीकाका तिथं आधीच टोपी हातात घेऊन उभे होते. बसायला खुर्ची होती, पण पाय लोंबकळत ठेवून असलं काही बोलता येत नाही, म्हणून मीही उभीच राहिले.

सगळं सांगितलं. नऊशे, थुंकणं, उत्तम. मालकीणबाई ऐकत होत्या. मग भट्टीकाकांकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला मिठाची शंका आली नव्हती?"

काका म्हणाले, "आली होती. म्हणून मी वर गेलो होतो विचारायला. यांनी उत्तम सांगितलं. मला वाटलं, आता माझीच जीभ म्हातारी झाली."

मला त्याक्षणी जमीन जवळ असूनही फार लांब वाटली. अठरा वर्षं ज्या माणसानं माझ्या शब्दावर करपलेले घाणे फेकले, त्यानं माझ्याच शब्दावर स्वतःची जीभ खोटी ठरवली.

मालकीणबाई म्हणाल्या, "बुधवारी पाच ताटल्या ठेवते. तोवर चव बघणं बंद. एकात खोट असेल. ओळखलंत तर वरची खुर्ची तुमची. नाहीतर पॅकिंग. आणि काका, तुमचंही त्याच वेळी बघू."

म्हणजे काकांचंही माझ्या जिभेवर आलं. मी नको म्हणाले असते, पण ते माझ्याआधीच "चालेल" म्हणाले.

बुधवार, २ एप्रिल

सकाळी अंडी, पाव, दही, एक केळं. नणंदेनं फोनवर एकेक पदार्थ वदवून घेतला. जिन्यात एक थांबा घेतला, पण दमले म्हणून नाही, घाबरले म्हणून.

वर टेबलावर पाच ताटल्या. मालकीणबाई एका बाजूला, काका दाराशी. मी कोमट पाण्यानं चूळ भरली आणि पहिलं बिस्किट तोंडात घातलं. चावलं, गिळलं. काहीतरी बरोबर नव्हतं. चूळ भरून दुसरं घेतलं, तर तेच. तिसऱ्यात मीठ दुप्पट होतं, लगेच कळलं. म्हणजे खोट तिसऱ्यात. पण मिठाच्या मागे पुन्हा तेच, टाळूला चिकटणारं. चौथं, पाचवं, सगळ्यांत तेच.

मी पाणी प्यायले. मालकीणबाई म्हणाल्या, "सांगा."

खरं सांगायचं तर इथं मी एक मिनिट गप्प बसले आणि त्या मिनिटात मनात काय काय येऊन गेलं ते लिहायची लाज वाटते. 'तिसरं' एवढं म्हटलं की झालं. खुर्ची माझी, काकांची नोकरी त्यांची. वीस दिवस मला सगळं पास वाटत होतं, आज सगळं नापास वाटतंय. कोण म्हणेल ही जीभ ठिकाणावर आहे? मलाच खात्री नव्हती. मी परत पहिलं बिस्किट घेतलं, त्याचा नुसता वास घेतला आणि मग खात्री झाली.

"तिसऱ्यात मीठ जास्त आहे," मी म्हणाले.

मालकीणबाईंनी मान हलवली. काकांनी श्वास सोडला.

"पण पाचही नापास," मी म्हणाले. "पाचही खवट आहेत."

मालकीणबाईंनी एक बिस्किट उचललं, चावलं, म्हणाल्या, "मला तर काही लागत नाही. खोट एकातच होती. मी स्वतः समोर उभी राहून मीठ टाकायला लावलं."

"मीठ एकातच आहे. लोणी पाचांत आहे."

"नीट विचार करा. काकांचंही यात आहे."

"केला विचार. पाचही नापास."

काकांनी टोपी घातली आणि खाली गेले. लोखंडी जिन्यावर त्यांची पावलं ऐकू येत होती, मी नकळत मोजत होते. मालकीणबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मी त्या ताटल्यांकडे बघत बसले आणि मनातल्या मनात पॅकिंगच्या बुटक्या खुर्चीवर बसूनही पाहिलं. पाय जमिनीला टेकत होते, एवढं एक बरं होतं.

काका वर आले ते लोण्याचा डबा घेऊनच. परवा नवीन माणसाकडून आलेला, स्वस्तातला. वरचा थर ताजा होता. त्यांनी चमच्यानं तळाचं लोणी वर काढलं आणि मालकीणबाईंच्या नाकाशी धरलं. त्या एक पाऊल मागे सरकल्या.

मग मालकीणबाईंनी विचारलं, "आणि डबा चांगला निघाला असता तर?"

"तर उद्यापासून मी पॅकिंगला आले असते," मी म्हणाले. "पण ही पाचही नापासच राहिली असती."

मालकीणबाईंनी चमचा टेबलावर ठेवला आणि काकांना सांगितलं, दोन दिवसांचा माल थांबवा. मग दाराशी जाऊन थांबल्या.

मी कामाच्या वहीत पाचदा 'नापास' लिहिलं. अक्षर वाईट आलं, पण सही नीट केली. काका ताटल्या उचलत होते. न बघताच म्हणाले, "जीभबाई, यापुढे मला शंका आली तर मी भांडणार. तुम्ही उत्तम लिहिलंत तरी."

"भांडा," मी म्हणाले. आणि मग मला इतकं रडू आलं की त्यांनी पाणी आणून दिलं.

मालकीणबाई अजून दारातच होत्या. त्यांनी घसा साफ केला. "उद्या वर किती वाजता येता?"

मी डोळे पुसले. "जेवून येते," मी म्हणाले.